काळ्या रबरावरचे तीन पट्टे

रुद्रप्पा बिराजदार दुरुस्तीला आलेल्या गाडीचं बॉनेट लगेच उघडत नाहीत. आधी ते मालकाला लिंबाखालच्या बाकड्यावर बसवतात आणि विचारायला लागतात. गाडी कधीपासून असं करते, सकाळी करते की उन्हात, एकटे असताना की माणसं भरल्यावर, आवाज कसा येतो. आवाज तोंडानं काढून दाखवावा लागतो. आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना मी तिथे "खर्रर्र, टक, टक" करताना पाहिलं आहे. रुद्रप्पा डोळे मिटून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "सर, टक दोनदा येतंय का तीनदा?" सरांनी पुन्हा पहिल्यापासून करून दाखवलं.

जुळे सोलापुरात एका मोकळ्या प्लॉटवर त्यांची पत्र्याची शेड आहे. पाटी नाही. वय सदुसष्ट, अंगात खाकी शर्ट, कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे. बायको अक्कम्मा दुपारी डबा घेऊन येतात आणि दोघं कन्नडमध्ये भांडत जेवतात. मुलगा संगमेश पुण्याला नोकरीला आहे. तो दर सणाला "आता बास करा" म्हणतो आणि हे दर सणाला "पुढच्या वर्षी बघू" म्हणतात.

मी वीस वर्षं त्यांच्याकडे जातो, आधी स्कूटर घेऊन जायचो, आता कार. माझी नोकरी विमा कार्यालयातली, दाव्यांची कागदपत्रं तपासण्याची. पुराव्याशिवाय काही मान्य करायचं नाही ही सवय अंगात मुरली आहे आणि निवृत्तीला एक वर्ष उरलं तरी ती सुटलेली नाही. म्हणूनच गेल्या एप्रिलमधल्या एका शनिवारी जे पाहिलं, त्याचा अचंबा अजून ओसरत नाही.

त्या दिवशी सकाळी नऊ वाजता माझ्या कारचं ऑइल बदलणं चालू होतं. तेवढ्यात दहा सीटांची एक पांढरी डिझेल गाडी शेडसमोर येऊन थांबली. चालवणारा चाळिशीचा, नाव ज्ञानू. शेजारी त्याची मुलगी प्रियंका, मांडीवर वही. तुळजापूरच्या घाटाखाली, सोलापूरच्या बाजूला त्यांचं गाव. ज्ञानू रोज गावातल्या आठ मुलींना घाट चढून तुळजापूरच्या कॉलेजात सोडतो. त्या आठांतली एक प्रियंका.

"अप्पा, तुमचं नाव ऐकून आलोय," ज्ञानू उतरता उतरताच म्हणाला. "गाडी सपाटीला वाघ हाय. घाट लागला की शेळी."

"बस आधी," रुद्रप्पा म्हणाले. "शेळी कधी होते ते सांग."

ज्ञानू सांगत गेला. फेब्रुवारीच्या अखेरीला हे सुरू झालं. घाटाच्या मध्यावर आलं की गाडी दम सोडायची. पाय तळापर्यंत दाबला तरी वेग उतरत जायचा. तिसरा गियर, दुसरा, पहिला, आणि मग धापा. थांबवून पाच मिनिटांनी निघालं की पुन्हा थोडी चढायची. तीन गॅरेजं करून झाली होती. डिझेलचा फिल्टर बदलला, पंप साफ झाला, क्लच प्लेट नवी पडली. कॉम्प्युटर लावून पाहिला, त्यात एकही चूक दिसली नाही. शेवटच्या गॅरेजनं टर्बो काढायला सांगितला होता आणि त्याला आठ दिवस लागणार होते.

"आठ दिवस कुटनं आणू?" ज्ञानू म्हणाला. "सोमवारी पोरींचा पेपर हाय."

खरी अडचण प्रियंकानं सांगितली. कॉलेज सकाळचं, पण सेमिस्टरचे पेपर दुपारी दोनला. पहिला पेपर गुरुवारी झाला. बाराच्या उन्हात वरच्या वळणावर गाडी थांबली आणि ब्रेक लागेपर्यंत हातभर मागं सरकली. मागं सिमेंटचा ट्रक होता, तो जेमतेम थांबला. मुली किंचाळत उतरल्या, उरलेला घाट पायी चढल्या आणि पेपरला पस्तीस मिनिटं उशिरा पोचल्या. संध्याकाळी मुलींचे बाप जमले. गुंडा नावाच्या एकानं सगळ्यांच्या वतीनं सांगून टाकलं, की गाडी नीट झालेली डोळ्यांनी दिसल्याशिवाय एकही पोरगी घाट चढणार नाही. वर्ष गेलं तर गेलं, स्थळं बघायला सुरुवात करू.

"एसटीनं जाता येणार नाही का?" मी मधेच विचारलं.

"एसटी फाट्यावर थांबेलच असं नाही, काका. आणि आबांची गाडी म्हणून तर घरचे पाठवतात." ती थोडी थांबली. "सोमवारी गाडी चढली नाही तर आमचं शिक्षण तिथंच संपलं. आठही जणींचं."

रुद्रप्पांनी वहीकडे बोट केलं. "त्यात काय लिहिलंस?"

प्रियंकानं गाडी कधी आणि कुठं अडली ते तारीखवार लिहून ठेवलं होतं. रुद्रप्पांनी तिला शेजारी बसवून एकेक दिवस वाचायला लावला. सकाळी निघालं तर बावीस दिवसांत दोनदाच अडली होती. दुपारी पाचदा गेले आणि पाचही वेळा अडली. थंडीत एकदाही नाही.

"धूर?"

"काळा. लई काळा," ज्ञानू म्हणाला. "मागचे शिव्या घालत्यात."

रुद्रप्पांनी डोळे मिटले. ज्ञानूनं माझ्याकडे पाहिलं, हे झोपले की काय अशा नजरेनं.

"काळा धूर म्हणजे डिझेल भरपूर येतंय," डोळे न उघडताच ते म्हणाले. "डिझेल कमी पडलं असतं तर धूर कशाचा निघाला असता? जाळायला हवा कमी पडायलीय. चुलीत लाकडं कोंबली आणि फुंकणीच नाही मारली, तसं झालंय."

"पर हवेचा फिल्टर नवा हाय की!"

"असू दे की. मी कुठं फिल्टर म्हटलं?"

आता ते उठले आणि बॉनेट उघडलं. त्यांचा हात सरळ पुढच्या जाळीमागे गेला. बाहेरची हवा तिथून आत शिरते आणि दीड वीत लांबीच्या काळ्या रबरी पाइपातून फिल्टरच्या डब्यात जाते. रुद्रप्पांनी तो पाइप दोन बोटांत दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"हा कंपनीचा नव्हे."

"न्हाय. कंपनीचा दिवाळीत उंदरानं खाल्ला. ह्यो घरचा तुकडा, मी बसवलाय," ज्ञानू खुशीत म्हणाला. "फिट्ट बसलाय का न्हाई?"

"लई फिट्ट," रुद्रप्पा म्हणाले. चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही.

त्यांनी पाइप काढला, आतून फडक्यानं पुसला आणि उजेडाकडे धरून मला दाखवला. आत नुसतं काळं रबर. मग शर्टाच्या खिशातून विभूतीचा छोटा गोळा काढला, पाण्यात बोट बुडवून त्यावर घासलं आणि पाइपाच्या आत, फक्त वरच्या अंगाला, तीन ओले पट्टे ओढले. खालचं अंग तसंच कोरं ठेवलं.

"अप्पा, गाडीत बिरोबाचा भंडारा बी हाय," ज्ञानू म्हणाला. "लावायचाच असंल तर दोन्ही देव कामाला लावा."

"पूजा नाही करायलोय. भंडारा वाऱ्यानं उडून जातो. हे वाळलं की चिकटून राहतंय."

"मग काय करताय?" मी विचारलं.

"साहेब, तुमचं वजन किती?"

"ब्याऐंशी."

"छान. चला."

शेजारी एका इमारतीचं बांधकाम चालू होतं. तिथून वाळूची सहा पोती मागून गाडीत भरली. आठ मुलींचं वजन झालं पाहिजे, त्याशिवाय गाडी खोड दाखवणार नाही, असं रुद्रप्पांचं म्हणणं. साडेदहाला सगळं तयार होतं, पण त्यांनी अकरा वाजेपर्यंत निघू दिलं नाही. मी म्हटलं, दुपारी बेचाळीस डिग्री होणार आहे, आत्ताच निघू. ते म्हणाले, "चोर उन्हात येतो. सावलीत जाऊन कुणाला धरू?"

ज्ञानू चालवत होता, शेजारी रुद्रप्पा. मला मागच्या सीटवर उलटं तोंड करून बसवलं होतं. धूर कधी सुरू होतो ते ओरडून सांगायचं, एवढंच माझं काम. प्रियंका मोबाइलवर वेळ मोजत होती.

बाराच्या सुमारास घाट लागला. पहिलं वळण गाडीनं झोकात घेतलं. दुसऱ्यानंतर इंजिनाचा आवाज बदलला. उशी तोंडावर धरून कुणी ओरडावं तसा तो कोंडल्यासारखा झाला. मागं काळा लोट उठला.

"धूर!" मी ओरडलो.

"पाय सोडू नको," रुद्रप्पा ज्ञानूला म्हणाले. "दाबून ठेव. अजून. अजून."

वेग उतरत गेला. मागून एक टेम्पो हॉर्न मारत होता आणि मला तो धुरातून दिसतही नव्हता. आठ मुली रोज इथे बसत होत्या, हे त्या वेळी पहिल्यांदा जाणवलं. वरच्या वळणाच्या जरा अलीकडे रस्त्याकडेला रुंद जागा होती. रुद्रप्पांनी तिथे गाडी घ्यायला लावली. प्रियंकानं चाकांमागे दगड लावले. पायथ्यापासून इथवर यायला नऊ मिनिटं लागली होती.

बॉनेट उघडलं. पाइप जिथल्या तिथे होता, छान गोल.

"नोडु, कसा साळसूद बसलाय बघा," रुद्रप्पा म्हणाले. फडक्यात धरून त्यांनी गरम पाइप काढला, आत एकदा पाहिलं आणि माझ्या हातात दिला.

मी उजेडाकडे धरला. वरच्या अंगाला विभूतीचे तीन पट्टे होते. आणि समोर, खालच्या कोऱ्या अंगावर, तसेच तीन पट्टे उमटले होते. फिकट, पण ओळीनं, तेवढ्याच अंतरावर.

"दोन्ही बाजूंना लावले होते का?" मी विचारलं.

"एकाच. तुम्हालाच दाखवून लावले की."

खरं होतं. मी स्वतः पाहिलं होतं. रुद्रप्पांनी माझ्या हातातला पाइप दोन बोटांनी दाबला. वरचं अंग खालच्याला जाऊन टेकलं, पट्ट्यावर पट्टा बसला.

"घाटात टर्बो दणकून हवा ओढतो. ऊन आणि इंजिनाची झळ, त्यात हे रबर मऊ झालेलं. ओढ लागली की पाइप आतल्या आत चपटा होतो. गळा आवळल्यासारखं. गाडी थांबली की ओढ थांबली, पाइप परत गोल. आणि बॉनेट उघडायचं तर गाडी थांबवायलाच लागते. मग त्या तीन गॅरेजवाल्यांना दिसणार कसं? त्यांची काय चूक नाही."

मी त्या पट्ट्यांकडे पाहत राहिलो. चौतीस वर्षांत हजारो दाव्यांचे कागद माझ्या टेबलावरून गेले. पंचनामे, फोटो, जबाब, शिक्के. पण बंद बॉनेटखाली, चालत्या गाडीत, कुणीही पाहत नसताना जे घडलं त्याची कबुली त्या पाइपाकडूनच लिहून घेतलेली मी कधी पाहिली नव्हती. आणि त्यासाठी या माणसाला लागलं काय, तर खिशातली विभूती आणि थेंबभर पाणी.

रुद्रप्पा ज्ञानूकडे वळले. "हा तुकडा घरात कुठनं मिळाला?"

"विहिरीवरचा हाय."

"विहिरीवर कुठल्या बाजूचा? मोटर पाणी ओढते त्या, का बाहेर टाकते त्या?"

"टाकतीया त्या..." ज्ञानूचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यानं कपाळावर हात मारला आणि चाकामागच्या दगडावर बसला. "डिलिव्हरीचा!"

"डिलिव्हरीचा पाइप विहिरीत सोडून मोटर चालू केली तर काय होतं?"

"चपटा हुतो. थेंब येत न्हाई. ओढायला कडक पाइप लागतो, शेंबडं पोर सांगंल."

"मग?"

"अप्पा, गाडी काय पाणी पीत न्हाई. ती बी ओढती, हे कधी ध्येनातच आलं न्हाई."

"आबा," प्रियंका म्हणाली, "म्हणजे दोन महिने तुम्हीच गाडीचा गळा धरून बसला होता?" आणि सकाळपासून पहिल्यांदा ती हसली. ज्ञानूही ओशाळं हसला.

मी रुद्रप्पांना विचारलं, हे तुम्हाला पाइप चाचपतानाच कळलं होतं ना? ते म्हणाले, "वाटलं होतं. वाटणं वेगळं. सांगितलं आणि खोटं निघालं असतं, तर पोरी परत गाडीत बसल्या नसत्या." मग दगडावर टेकून त्यांनी पाणी प्यायलं आणि वीस वर्षांत मला न सांगितलेलं सांगितलं. सातवीनंतर शाळा सुटली. मामाच्या सायकलवर मागं बसून ते अक्कलकोट तालुक्यात गावोगाव फिरले. विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायची, शेतकऱ्याच्या घरी भाकरी खायची, तिथंच झोपायचं. वीज आली, इंजिनं भंगारात गेली, तेव्हा ते सोलापुरात आले. "इंजिन कसलं बी असू दे, साहेब. ओढतं आणि टाकतं. लोक टाकायची बाजू बघतात, कारण तिथं धूर दिसतो, आवाज येतो. मी ओढायची बाजू आधी बघतो."

पिशवीतून त्यांनी जाड तार काढली, एका मोठ्या पान्याच्या दांड्याभोवती गुंडाळत गेले आणि स्प्रिंगसारखं वेटोळं तयार केलं. ते पाइपाच्या आत सरकवलं. आता दाबून पाहिलं तर पाइप दबत नव्हता. पुन्हा बसवला, आणि आम्ही गाडी वळवून पायथ्याशी आणली.

तीच वाळू, तेच ऊन, तीच माणसं. दुसरं वळण आलं तेव्हा मी कान देऊन बसलो. आवाज कोंडला नाही. मोकळा, भरीव आवाज येत राहिला. ज्ञानूनं गियर खाली घेतलाच नाही. मागचा रस्ता स्वच्छ होता, टेकडीच्या कडेचं गवतसुद्धा एकेक काडी दिसत होतं. मी ओरडायला तयार बसलो होतो आणि ओरडण्यासारखं काहीच नव्हतं. मघाची रुंद जागा आली आणि मागं पडली.

"चार मिनिटं," प्रियंका म्हणाली.

ज्ञानू गाडी चालवता चालवता रडत होता. रुद्रप्पा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "रस्त्यावर बघ. आता ट्रकला धडकशील."

संध्याकाळी शेडमध्ये बाजारातून आणलेला कंपनीचा कडक पाइप बसला. पण काम अजून संपलं नव्हतं. गाडी नीट झालेली बापांना डोळ्यांनी दिसायची होती. रुद्रप्पा रविवारी शेड उघडत नाहीत, तरी म्हणाले, मी येतो. अक्कम्मा कन्नडमध्ये बरंच काही बोलल्या आणि शेवटी डबा बांधून दिला. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेलो.

रविवारी बारा वाजता घाटाच्या पायथ्याशी बाप उभे होते. ज्ञानू धरून आठ. गुंडा सगळ्यात पुढं, दांडगा गडी, डोक्याला पांढरा रुमाल.

"मिस्त्री, तीन गॅरेजवाल्यांनी बी झाली म्हणूनच सांगितलं हुतं," तो म्हणाला.

रुद्रप्पांनी आतली तार काढलेला जुना पाइप त्याच्या हातात ठेवला आणि पट्टे दाखवले. गुंडानं पाइप दाबून पाहिला. विहिरीवरचा माणूस, त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. "डिलिव्हरीचा व्हय? ज्ञानू, तुला शाळंत घाल रं परत!" बाकीचे हसले. गुंडा हसला नाही. "मला कळलं, मिस्त्री. पर मला कळून पोरगी वर जात न्हाई."

"म्हणून तर बोलावलं. बसा सगळे."

सात बाप गाडीत बसले. सात मुलींपेक्षा बरेच जड. मी आणि रुद्रप्पाही आत शिरलो, चेपून. गाडी चढत गेली. वरचं वळण दिसायला लागलं, गुरुवारी जिथं गाडी मागं सरकली होती तेच.

"ज्ञानू, इथं थांब," रुद्रप्पा म्हणाले.

"हितं?" गुंडा जवळजवळ उठलाच. "ओ मिस्त्री, हितं नगं!"

"इथंच. रस्ता मोकळा आहे, मी बघितलंय. थांब."

गाडी ऐन चढावर थांबली. हँडब्रेक लागला. सातही बापांनी पुढच्या सीटच्या दांड्या धरल्या. एकानं डोळे मिटले.

"आता उचल."

ज्ञानूनं एक्सिलेटर दिला आणि ब्रेक सोडला. गाडी बोटभरसुद्धा मागं आली नाही. एकदा थरारली आणि सरळ वर निघाली, भरल्या पोटी, दुपारच्या उन्हात, जणू तिला चढ दिसतच नव्हता. मी मागं पाहिलं. धूर नव्हता. सीटच्या दांड्यांवरचे हात एकेक करून सुटले.

वर पोचल्यावर सगळे उतरले. गुंडा गाडीच्या मागं गेला. इंजिन चालूच होतं. त्यानं डोक्याचा पांढरा रुमाल सोडला, सायलेन्सरसमोर धरला, ज्ञानूला दोनदा एक्सिलेटर द्यायला लावला आणि रुमाल उलटसुलट करून पाहिला. बराच वेळ पाहिला. रुद्रप्पा हात मागं बांधून उभे होते.

मग गुंडानं रुमाल खांद्यावर टाकला आणि खिशातून फोन काढला.

"हां, सोनाली? काय करायलीस? ... भांडी ऱ्हाऊ दे. आईला सांग मी सांगितलंय. पुस्तक घेऊन बस, उद्या पेपर हाय... व्हय. गाडीनंच."